पोटभाडेकरूचा प्रश्न : कंटेनरातला कंटेनर आणि एक जुना पेपर

मंडळी, मागच्या वेळी मी कबूल केलं होतं की पुढचा लेख कंटेनरांमधल्या मेमरीच्या वाटणीवर असेल. तो लेख थोडा लांबणार आहे. मधल्या काळात माझंच एक वाक्य माझ्या अंगाशी आलं, आणि त्याचा माग काढता काढता मी अशा एका पेपरापाशी पोहोचले, जो माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी मोठ्या आदरानं उद्धृत केलाय. आज त्या पेपराशी थोडं भांडायचं आहे.

आधी ते वाक्य. माझे सगळे प्रयोग मी एका डॉकर इमेजमध्ये बांधून ठेवलेत, म्हणजे कुणालाही ते पुन्हा करून बघता यावेत. सोबतच्या सूचनांमध्ये मी लिहिलं होतं : "डॉकर चालतं अशा कोणत्याही लिनक्स सर्व्हरवर हे प्रयोग चालतील." जिल्ह्याच्या ठिकाणी एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलानं ते वाक्य खरं मानलं. कॉलेजच्या लॅबमधली मशिनं जुनी, त्यांवर काही बसवायची परवानगी नाही. म्हणून त्यानं पदरचे पैसे घालून एक स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्यानं घेतला आणि कामाला लागला.

पहिल्या रात्री डॉकर सुरूच होईना. नेटवर्कचे नियम बसवायला कर्नलचा जो भाग लागतो तो त्या सर्व्हरवर उपलब्धच नव्हता. त्यानं कंपनीला लिहिलं, त्यांनी त्यांच्या बाजूनं कसलंसं बटण दाबलं, डॉकर सुरू झालं. दुसऱ्या रात्री डिस्क भरली. वीस जीबीची डिस्क, आणि माझी इमेज तर फार मोठी नाही. मग कुठे गेली जागा? डॉकरची इमेज थरांची बनलेली असते, आणि एरवी हे थर ओव्हरले नावाच्या फाइलसिस्टममुळे एकावर एक नुसते पसरले जातात. खालचा थर एकदाच साठवला की झालं. त्या सर्व्हरवर ओव्हरले लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे डॉकरनं गुपचूप शेवटचा पर्याय निवडला : प्रत्येक थरासाठी खालच्या सगळ्याची अख्खी नक्कल. माझ्या इमेजचे थर १४, तळचा थर साधारण ९०० एमबीचा. चौदा नवं म्हणजे १२.६ जीबी. वर आठ कंटेनर सुरू केले की आणखी किमान आठ नकला, म्हणजे ७.२ जीबी. बेरीज तुम्हीच करा. त्यानं मोठी डिस्क घेतली. पुन्हा पदरचे पैसे.

तिसऱ्या रात्री सगळं चाललं. आणि त्याचा मेल आला : "मॅडम, तुमचा निष्कर्ष इथे येत नाही."

माझा सगळा प्रयोग कंटेनरांना मेमरीची मर्यादा घालून, ती मर्यादा आवळत नेली की काय होतं ते मोजण्याचा आहे. त्याच्या आलेखात काहीच होत नव्हतं. सरळ आडवी रेघ. मी लॉग मागवला. त्यात शेकडो ओळींमध्ये एक इशारा होता, की या कर्नलवर मेमरी-मर्यादेची सोय नाही किंवा ती लावलेली नाही, म्हणून मर्यादा रद्द केली आहे. डॉकरनं इशारा दिला आणि गाडी पुढे नेली. आठही कंटेनर मोकळे सुटले होते. त्या मुलाचे आकडे मर्यादा नसलेल्या जगातले होते आणि त्यांच्यावर मर्यादेची लेबलं लावलेली होती. अजिबात चाललं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. कारण त्याला शंका आली म्हणून त्यानं विचारलं. ज्यांनी विचारलं नसेल त्यांचं काय?

मग मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली : कर्नलची आवृत्ती बघ. आत उबंटू २०.०४ बसवलेलं होतं. त्याच्यासोबत ५.४ कर्नल येतो. त्याच्या सर्व्हरनं सांगितलं ३.१०. म्हणजे तो कर्नल त्याचा नव्हताच. कंपनीच्या मोठ्या मशीनवर एकच कर्नल होता, आणि याला त्यावरचा एक कंटेनर 'सर्व्हर' म्हणून भाड्यानं दिलेला होता. त्याच्या आत डॉकर, म्हणजे कंटेनरातला कंटेनर.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आभासी सर्व्हर दोन जातींचे मिळतात. एका जातीत हायपरवायझर प्रत्येक गिऱ्हाइकाला मशिनाचा आभास करून देतो, आणि त्या मशीनवर गिऱ्हाईक स्वतःचा कर्नल चालवतं. केव्हीएम, झेन ही त्यातली नावं. दुसऱ्या जातीत कर्नल एकच, मालकाचा. गिऱ्हाइकाला त्या कर्नलवरच्या प्रोसेसांचा एक बंदिस्त गट मिळतो. लिनक्स-व्हीसर्व्हर, ओपनव्हीझेड, एलएक्ससी ही या बाजूची. पहिली जात म्हणजे स्वतंत्र घर, दुसरी म्हणजे वाड्यातली खोली. खोलीला कडी आहे, कुलूप आहे, दारावर तुमच्या नावाची पाटीही आहे, पण नळ आणि जिना सामायिक. एवढ्यानं कुणाचं अडत नाही. वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या संसार झालेत. अडतं कधी, तर भाडेकरूला स्वतः पोटभाडेकरू ठेवायचा असतो तेव्हा. तेव्हा कळतं की खोली आपली असली तरी खोलीत आणखी कुणाला ठेवायचं हे ठरवणारा वेगळाच आहे.

आता पेपर. २००७ मध्ये युरोसिस परिषदेत सोल्टेझ, पोट्झल, फ्यूचिन्स्की, बेव्हिअर आणि पीटरसन या पाच जणांनी तो मांडला. कंटेनरांवर आधारित आभासीकरण हा हायपरवायझरला तितकाच लायक आणि जास्त वेगवान पर्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर प्लॅनेटलॅब होतं : जगभरच्या संशोधन संस्थांमधली मशिनं एकत्र जोडून संशोधकांना प्रयोगासाठी वाटून देणारं जाळं. एकेका मशीनवर पुष्कळ संशोधकांना एकाच वेळी बसवायचं होतं. प्रत्येकाला स्वतंत्र कर्नल देण्याइतकी मेमरी नव्हती. त्यांनी लिनक्स-व्हीसर्व्हर आणि झेन यांची तुलना केली आणि सर्व्हरसारख्या कामांमध्ये कंटेनर-पद्धत दुपटीपर्यंत वेगवान ठरते असं दाखवलं.

पेपर चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आकडे नाहीतच. 'आयसोलेशन' हा शब्द तेव्हा जो तो सैलपणे वापरत होता. त्यांनी तो सोडवून त्याचे वेगवेगळे पदर दाखवले. एकाची चूक दुसऱ्याला बाधू नये हा एक. एकानं दुसऱ्याचा वाटा खाऊ नये हा दुसरा. एकाला दुसऱ्याचं काही दिसू नये की हाती लागू नये हा तिसरा. मी स्वतः प्रबंधात हीच विभागणी घेतली आहे. शिवाय लेखक प्रामाणिक आहेत; वेगवेगळे कर्नल हवे असतील तर हायपरवायझरच हवा, हे ते स्वच्छ सांगतात.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. हे तिन्ही पदर आडवे आहेत : शेजारी आणि शेजारी. उभ्या दिशेनं, म्हणजे मालक आणि भाडेकरू, भाडेकरू आणि त्याचा पोटभाडेकरू, या दिशेनं तो पेपर बघतच नाही. पाहुण्याला रूट मिळतो, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता मिळतो, हे तो धरून चालतो. पण त्या रूटला यजमान होता येतं का? त्याच्याकडे जे आलंय ते पुढे कुणाला वाटता येतं का? हा प्रश्न पेपरात उमटत नाही. आणि तो न विचारण्यामुळेच दोन्ही पद्धती एका तक्त्यात शेजारी-शेजारी 'आभासी सर्व्हर' म्हणून बसू शकतात.

तुम्ही म्हणाल, २००७ मध्ये डॉकर कुठे होतं? बरोबर, डॉकर २०१३ चं. पण प्रश्न डॉकरपेक्षा पुष्कळ जुना आहे. पोपेक आणि गोल्डबर्ग यांचा १९७४ चा निबंध आभासीकरणाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतो, आणि त्यातलं पहिलं प्रमेय सगळ्यांना पाठ असतं. दुसरं प्रमेय बहुधा घाईत उरकलं जातं. ते असं विचारतं : आभासी मशिनाच्या आत पुन्हा तेच आभासीकरण चालवता येईल का? उत्तर असं, की मूळ मशीन आभासीकरणाला लायक असेल आणि वेळेच्या मोजमापावर न विसंबणारा नियंत्रक लिहिता येत असेल, तर येईल. माझ्या गाइडनं हे प्रमेय शिकवताना फळ्यावर फक्त डबीत डबी काढली होती. तेव्हा वाटलं, गंमत आहे. आता वाटतं, ती कसोटी आहे. तुम्ही दिलेली वस्तू खरंच मशिनासारखी आहे का, हे बघायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मशीन जे करतं ते तिला करायला सांगणं. २०१० मध्ये 'टर्टल्स' नावाच्या प्रकल्पानं केव्हीएमच्या आत हायपरवायझर चालवून दाखवला, आणि नेहमीच्या कामांमध्ये वेग एका पातळीच्या तुलनेत ६ ते ८ टक्क्यांच्या आत राहिला. हायपरवायझर त्या कसोटीला उतरला. कंटेनरला ती कसोटी लावलीच गेली नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपते. त्याच प्लॅनेटलॅबच्या लोकांनी २००५ मध्ये 'प्रॉपर' नावाची एक सोय प्रसिद्ध केली होती. कंटेनरातल्या संशोधकाला एखादी गोष्ट करायला स्वतःचा अधिकार पुरत नसेल, तर त्यानं या सोयीकडे अर्ज करायचा. ती नियम तपासून त्याच्या वतीनं काम करणार. म्हणजे आतला रूट हा अर्धामुर्धा रूट आहे, हे त्यांना दोन वर्षं आधीपासून ठाऊक होतं! ते ज्ञान २००७ च्या तुलनेत ठळकपणे आलं असतं, तर आज आपण 'रूट अ‍ॅक्सेस' हे शब्द जाहिरातीत वाचून भुललो नसतो.

आता थोडं यंत्राच्या पोटात शिरू, कारण टीका करायची तर नेमकी करावी. लिनक्स कर्नलला 'कंटेनर' नावाची वस्तू माहीतच नाही. त्याला माहीत आहेत नेमस्पेस, सी-ग्रुप, अधिकारांचे तुकडे आणि सुरक्षेचे नियम. या चार-पाच गोष्टी एकत्र बांधून आपण तिला कंटेनर म्हणतो. आणि गंमत अशी की यातल्या काही गोष्टी एकात एक सुंदर बसतात, काही बसतच नाहीत.

सुंदर बसणारी म्हणजे प्रोसेस-क्रमांकांची नेमस्पेस. त्या मुलाचा सर्वांत आतला प्रोग्रॅम घ्या. डॉकरच्या आतून बघितलं तर त्याचा क्रमांक १. व्हीपीएसवरून बघितलं तर तोच, समजा, ८४३. कंपनीच्या मशीनवरून बघितलं तर तोच दोन लाख एक्क्याण्णव हजारांच्या घरातला कुठला तरी. एका प्रोसेसला प्रत्येक पातळीवर वेगळा क्रमांक, आणि कर्नल ते सगळे एकाच वेळी सांभाळतो. वरच्याला खालचे दिसतात, खालच्याला वरचे नाहीत. अशा ३२ पातळ्यांपर्यंत जाता येतं. हे ज्यांनी रचलं त्यांनी उभी दिशा डोळ्यांसमोर ठेवली होती.

वापरकर्त्यांची नेमस्पेसही एकात एक बसते, पण तिथे हिशेब आडवा येतो. ही नेमस्पेस २०१३ च्या ३.८ कर्नलमध्ये पूर्णत्वाला आली. तिच्यामुळे आतला रूट, म्हणजे शून्य क्रमांकाचा वापरकर्ता, बाहेर मात्र समजा एक लाख क्रमांकाचा साधा माणूस असतो. रिवाज असा की कंटेनरला ६५,५३६ क्रमांकांचा गठ्ठा द्यायचा. ठीक. आता आतल्याला स्वतःचा कंटेनर काढायचाय, आणि त्यालाही रिवाजाप्रमाणे ६५,५३६ क्रमांक हवेत. पण याच्याकडे एकूणच ६५,५३६ आहेत. सगळे देऊन टाकले तर स्वतः कुठे राहणार? बाहेरच्यानं मुळातच मोठा गठ्ठा द्यायला हवा होता. म्हणजे पोटभाडेकरू येणार हे भाडेकरू यायच्या आधी, भिंती घालतानाच ठरवावं लागतं.

आणि काही गोष्टींना पातळ्याच नाहीत. कर्नलचे मॉड्यूल हे त्यातलं ठळक उदाहरण. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मालकाच्या कर्नलवर एखादं मॉड्यूल चढवलेलं नसेल तर आतला रूट ते चढवू शकत नाही, कितीही वेळा रूट असो. पहिल्या रात्री त्या मुलाचं डॉकर अडलं ते इथेच.

मग प्रत्यक्षात लोक काय करतात? नेस्टिंगचं बटण दाबतात. प्रॉक्समॉक्समध्ये कंटेनराच्या सेटिंगमध्ये ते असतं, एलएक्सडीमध्येही असतं. माझी तक्रार बटणाशी नाही, त्याच्या नावाशी आहे. 'नेस्टिंग चालू' म्हटलं की वाटतं, एक जास्तीची क्षमता मिळाली. आत बघितलं तर काय होतं? कंटेनरवर अ‍ॅपआर्मरचा जो पहारा असतो तो काही बाबतींत सैल केला जातो, म्हणजे आतल्याला फाइलसिस्टम लावता याव्यात. कर्नलची माहिती देणाऱ्या प्रॉक आणि सिस या फाइलसिस्टमचे काही कोपरे एरवी झाकलेले असतात. ते न झाकलेली एक जास्तीची प्रत आत ठेवली जाते, कारण आतल्या कंटेनरला स्वतःचं प्रॉक लावायचं तर कर्नल आधी तपासतो की तुझ्याकडे पूर्ण उघडं प्रॉक आहे का. म्हणजे बटण दाबल्यानं खोली मोठी होत नाही. जिन्याच्या दाराची कडी निघते. याच प्रॉक्समॉक्सची अधिकृत माहिती वाचा : डॉकरसारखे कंटेनर चालवायचे असतील तर ते पूर्ण आभासी मशिनाच्या आत चालवा, असं ते स्वतःच सुचवतात. बटण देणाराच सांगतोय, शक्यतो दाबू नका.

त्याहून वाईट सल्ला म्हणजे 'प्रिव्हिलेज्ड' लावून टाका. डॉकरच्या आत डॉकर चालवण्यासाठी २०१३ मध्येच तो मार्ग निघाला. तो काढणाऱ्यांपैकी जेरोम पेटाझोनी यांनीच २०१५ मध्ये लेख लिहून लोकांना दोनदा विचार करायला सांगितलं. तरी आजही कुठेही अडलं की पहिलं उत्तर हेच येतं. दाराला किल्ली लागत नाही? दारच काढून ठेवा.

इथे फ्रीबीएसडीचं कौतुक करायला हवं. तिथल्या कंटेनरांना जेल म्हणतात, आणि ते २००० सालापासून आहेत, म्हणजे आपल्या या गप्पांच्या कितीतरी आधीचे. २००९ च्या ८.० आवृत्तीत जेलमध्ये जेल आली. ती देताना त्यांनी एक साधी संख्या ठेवली : या जेलला किती पोटजेल काढता येतील? न सांगितलं तर शून्य. आणि आतल्या जेलला बाहेरच्या जेलपेक्षा जास्त मोकळीक कधीच देता येत नाही. बस्स. परवानगी ही परवानगीसारखी दिसते, तिला आकडा आहे, आणि नसलेली क्षमता असल्याचा आव नाही. लिनक्सच्या तुकड्या-तुकड्यांच्या रचनेत लवचीकपणा जास्त, हे मान्य. पण तो लवचीकपणा वापरणाऱ्याला 'तुला हे करता येईल की नाही' याचं एका जागी उत्तर मिळत नाही. त्या मुलाला तीन रात्री तीन वेगवेगळ्या जागी उत्तरं मिळाली, आणि तिसरं तर मिळालं हेच त्याला कळलं नव्हतं.

आणखी एका पेपराला हात लावते आणि मग आवरते. आयबीएम रिसर्चमधल्या फेल्टर आणि सहकाऱ्यांची कंटेनर व आभासी मशीन यांची तुलना (अहवाल २०१४ चा, परिषदेत २०१५) तुम्ही कदाचित वाचली असेल. त्याच्या शेवटी ते आभासी मशिनाच्या आत कंटेनर चालवण्याच्या प्रथेवरच शंका घेतात : थेट लिनक्सवर कंटेनर चालवण्याच्या तुलनेत वेगाचा भुर्दंड पडतो आणि फायदा काहीच नाही. वेगाच्या वहीत हा हिशेब चोख आहे. अख्खं मशीन तुमचं असेल तर मीही तेच करेन. पण ज्याला अख्खं मशीन परवडत नाही, त्याच्यासाठी मधलं आभासी मशीन हा भुर्दंड नसून स्वतःच्या मालकीचा कर्नल मिळवण्याचा एकमेव रस्ता आहे. मॉड्यूल, ओव्हरले, मर्यादा, सगळं त्या मालकीतून येतं. 'फायदा काहीच नाही' असं लिहिताना लेखकांच्या डोळ्यांसमोर मशीन असलेला माणूस होता. जिल्ह्याच्या कॉलेजातला मुलगा नव्हता.

हे लिहिताना मी कंटेनर-व्हीपीएसच्या विरोधात आहे असं समजू नका. ते स्वस्त असतात, आणि स्वस्तात सर्व्हर हातात येणं ही छोटी गोष्ट नाही. मी स्वतः शिकले ती असल्याच एका खोलीत. शिवाय परिस्थिती बदलतेय. २०२१ च्या ५.११ कर्नलपासून वापरकर्ता-नेमस्पेसच्या आत विशेष अधिकाराशिवाय ओव्हरले लावता येतं. त्या मुलाची दुसरी रात्र नव्या कर्नलवर टळली असती. सी-ग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत मर्यादांची एखादी फांदी आतल्याच्या हवाली करण्याची रीत नीट घालून दिलेली आहे. २०१९ च्या ५.० कर्नलमध्ये अशी सोय आली की आतल्यानं केलेली एखादी विनंती कर्नल बाहेरच्या विश्वासू प्रोसेसकडे पाठवतो आणि ती ठरवते काय करायचं. ओळखलंत ना? २००५ चा 'प्रॉपर' वेगळ्या वेशात परत आला. सिसबॉक्ससारखी साधनं हाच मार्ग वापरून, प्रिव्हिलेज्ड न लावता कंटेनरात डॉकर चालवतात.

पण प्रत्येक वेळी दार उघडलं की कुणीतरी आत आलेलं आहे. उबंटूनं साध्या वापरकर्त्याला ओव्हरले लावायची मुभा मूळ कर्नलच्या आधीच देऊन ठेवली होती. २०२१ मध्ये नेमक्या तिथून रूट मिळवता येतो असं उघड झालं. जानेवारी २०२२ मध्ये फाइलसिस्टम लावण्याच्याच कोडमध्ये मेमरी ओलांडून लिहिण्याची चूक सापडली, आणि नेमस्पेसमध्ये मिळालेला लुटुपुटूचा अधिकार तिथपर्यंत पोहोचायला पुरेसा होता. म्हणून उबंटू २४.०४ मध्ये विशेष अधिकाराशिवाय वापरकर्ता-नेमस्पेस काढण्यावर पुन्हा बंधन आलं. आधी उघडलेलं दार अर्धं लावून घेतलं. कर्नल सामायिक आहे तोवर ही उघडझाप चालू राहणार, असं माझं मत. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. पोटभाडेकरूला जेवढं जास्त करू द्याल तेवढा सामायिक कर्नलचा जास्त भाग त्याच्या हाताला लागतो, एवढंच. २००७ चा पेपर वेगाच्या बदल्यात काय द्यावं लागतं ते विचारतो. ही किंमत त्याच्या यादीत नाही.

आता मी काय केलं ते सांगते. सूचनांमधला 'कोणत्याही' हा शब्द काढला. त्या जागी लिहिलं : स्वतःचा कर्नल असलेलं मशीन हवं, खरं किंवा आभासी. प्रयोगाच्या सुरुवातीला एक तपासणी घातली. ती एका कंटेनरला १०० एमबीची मर्यादा घालते आणि आत २०० एमबी मागणारा प्रोग्रॅम सोडते. प्रोग्रॅम मारला गेला तर प्रयोग पुढे जातो. जिवंत राहिला तर प्रयोग तिथेच थांबतो आणि कारण मोठ्या अक्षरांत सांगतो. स्वॅपमुळे तो वाचू नये म्हणून स्वॅपचीही मर्यादा तेवढीच ठेवावी लागते. पहिल्या प्रयत्नात हे मी विसरले होते आणि माझ्याच लॅपटॉपनं मला नापास केलं. तुमच्यापैकी कुणी कंटेनरांवर काही मोजत असाल तर ही तपासणी उचला, नाव द्यायची गरज नाही. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातला परिच्छेदही पुन्हा लिहिला. गाइडनं वाचून समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलंय, त्याचा अर्थ सोमवारी कळेल.

त्या मुलाचा व्हीपीएसचा महिना संपत आला होता. आमच्या विभागातल्या एका मशीनवर रात्री दहा ते सकाळी सहा कुणी नसतं. तिथे त्याला केव्हीएमवर एक आभासी मशीन काढून दिलंय. परवा रात्री त्यानं पहिली फेरी चालवली. रेघ आता आडवी नाही, पण माझ्या आलेखात ती जिथे वाकते त्याच्या थोडी आधीच त्याची वाकतेय. का, ते दोघं मिळून शोधतोय.